झुबेदाचे शुक्रवार

झुबेदा मुकादमचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला वाटायचं, की आम्ही दोघी मैत्रिणी होतो. ती माझी मैत्रीण होती. मी तिची होते की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बहरीनला गेलो. माझा नवरा सुधीर सित्राला एका कारखान्यात इंजिनिअर होता. भल्या सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची, मग आमच्या मुलीची, केतकीची, शाळेची बस यायची, आणि त्यानंतर फ्लॅटमध्ये मी आणि एसीची घरघर. पुण्यात मी बी.कॉम. केलं होतं, इंग्रजी चांगलं होतं. वर्षभर घरघर ऐकल्यावर मी बाब अल बहरीन या जुन्या बाजाराच्या वेशीपासून जवळच असलेल्या एका मोठ्या तीन मजली दुकानात नोकरी धरली. मला पहिल्या मजल्यावर कापड विभागात घातलं. तिथे झुबेदा होती.

ती श्रीवर्धनकडची. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं भरलेली, डोक्यावरची ओढणी कायम घसरलेली आणि ती सावरण्याच्या फंदात कधी न पडणारी. नवरा सित्रालाच वेल्डर होता. पाठीला मार बसला म्हणून तो गावी परतला आणि ही इथेच राहिली, स्वतःच्या व्हिसावर. गावी दोन मुली होत्या, मोठी नर्सिंगला. तिची स्वतःची शाळा सातवीपर्यंत. सगळा स्टाफ तिला 'आपा', म्हणजे ताई, म्हणायचा, फिलिपिनो मुलीसुद्धा. मी झुबेदाबाई म्हणायचे. मला 'आपा' म्हणवलंच नाही.

मला वाटलं होतं, सहा महिन्यांत हा विभाग मी चालवीन. मी अरबी शिकायला पुस्तक आणलं, रोज रात्री क्रियापदांची रूपं पाठ केली. दुकानात मी शुद्ध अरबीत बोलायला लागले की बहरीनी बायका अदबीनं ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, झुबेदा कुठंय? झुबेदाचं अरबी म्हणजे निम्मं हिंदी, पाव कोकणी आणि उरलेलं हातवारे. स्त्रीलिंगाला पुल्लिंग, कालच्याला उद्याचं. पण गिऱ्हाईक खुर्चीवर टेकलेलं असायचं, चहा आलेला असायचा आणि सुनेच्या बाळंतपणापर्यंत गप्पा पोचलेल्या असायच्या. "आधी बसव, मग दाखव," असं ती मला सांगायची. मी तोवर दहा ताके उलगडून बसलेली असायचे.

एकदा उम्म युसुफ, म्हणजे युसुफची आई, ही आमची जुनी गिऱ्हाईक बाई मुलीच्या लग्नासाठी मखमल घ्यायला आली. दुकानातली सगळ्यात महाग, गर्द जांभळी. माझ्याकडे आली होती, कारण झुबेदा जेवायला गेली होती. मी कापडाची इतकी तारीफ केली, की बाईंनी पर्स उघडली. तेवढ्यात झुबेदा आली. तिनं विचारलं लग्न कधी. ऑगस्टमध्ये. झुबेदानं ताका सरळ गुंडाळायला घेतला. ऑगस्टमध्ये ही मखमल घालून पोरगी घामानं भिजेल आणि फोटोत रडल्यासारखी दिसेल, असं तिनं त्यांना काहीबाही भाषेत पटवलं आणि निम्म्या किमतीचं हलकं कापड दिलं. बाई गेल्यावर मी म्हणाले, झुबेदाबाई, एवढी मोठी विक्री घालवलीत. ती म्हणाली, "गेली नाय. थांब." पुढच्या आठवड्यात उम्म युसुफ पाच नणंदा-भावजयांना घेऊन आल्या. सगळ्या झुबेदाच्या टेबलाशी. मी शेजारी उभी राहून कात्री देत होते.

ती वाईट असती तर फार सोपं झालं असतं. ती माझ्या डब्यातली आमटी चाखून मनापासून वाहवा करायची. माझी मासिक पाळी गर्दीच्या दिवशी आली, तर न सांगता माझ्या बाजूचे जड ताके उचलायची. मला तिचा राग यायला काही कारणच मिळत नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा.

केतकीची गोष्ट मात्र मला खरी लागली. केतकी तेव्हा अकरा वर्षांची. मराठी तिला समजायचं, उत्तर इंग्रजीत. मी गोष्टींची पुस्तकं मागवली, सुट्टीत आजीकडे ठेवलं, एकदा तर मराठीत मागितल्याशिवाय जेवायला वाढणार नाही म्हणाले. ती सफरचंद खाऊन झोपली. शाळेला लवकर सुट्टी असली की ती दुकानात यायची आणि कापडाच्या टेबलामागे स्टुलावर बसायची. एका दुपारी मी गोदामातून वर आले, तर मराठीत कुणीतरी घडाघडा बोलत होतं. केतकी झुबेदाला शाळेतल्या भांडणाची हकीकत सांगत होती. "मग मना ती बोलली, तू नाय यायचा, मग मी बोलली, मना पण नाय यायचा." झुबेदा ताका गुंडाळत हूं हूं करत होती, जसं काही जगात सगळीच मुलं असंच बोलतात.

मी जवळ जाऊन म्हणाले, मना नाही केतकी, मला. आणि 'मी बोलली' नाही, 'मी म्हणाले'.

केतकी स्टुलावरून उतरली. मग इंग्रजीत म्हणाली, की तिला भूक लागलीय.

झुबेदानं ड्रॉवरमधून खजूर काढून केतकीच्या हातावर ठेवले. त्या रात्री मी सुधीरला सांगितलं, की त्या बाईंच्या नादानं मुलीची भाषा बिघडतेय. सुधीर म्हणाला, भाषा आहे तरी कुठे बिघडायला? मी दिवा मालवला.

आता शुक्रवारचं सांगते. शुक्रवार म्हणजे तिकडे सुट्टीचा दिवस, पण आमच्या दुकानात सगळ्यात मोठी गर्दी त्याच दिवशी, कारण सौदीहून समुद्रावरच्या पुलावरून गाड्या भरभरून माणसं खरेदीला यायची. शुक्रवारी कामाला येणाऱ्याला दुप्पट पगार मिळे. मला त्याची गरज नव्हती. शुक्रवारी आम्ही तिघं जेवायला बाहेर जायचो. झुबेदानं आठ वर्षांत एकही शुक्रवार चुकवला नव्हता. मोठीची नर्सिंगची फी शुक्रवारांवर चालली होती. दुसरीचं अजून व्हायचं होतं. ती म्हणायची, बाकीचे सहा दिवस दुकानाचे, शुक्रवार पोरींचा.

एका सकाळी हजेरीच्या मशीनजवळ नोटीस लागली. पुढच्या महिन्यापासून शुक्रवार हा कामाचा साधा दिवस धरला जाईल, त्याबदली आठवड्यात दुसरी सुट्टी मिळेल, जादा पगार बंद. स्टाफमध्ये खळबळ उडाली. दुपारी जेवणाच्या खोलीत पंधरा-वीस जण जमले. संप वगैरे शब्द तिथे कुणी तोंडातून काढत नसे; व्हिसा मालकाच्या हातात. मी म्हणाले, आपण रीतसर विनंतीपत्र देऊ, मी इंग्रजीत लिहिते. मी दोन दिवस खपून लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. सगळ्यांनी सह्या केल्या आणि मग केरळचा एक सेल्समन म्हणाला, पत्र घेऊन आत आपा जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पत्र माझं, आणि आत जाणार ती, जिला त्यातलं एक वाक्य वाचता येत नव्हतं.

मॅनेजर फर्नांडिस यांनी पत्र ठेवून घेतलं आणि बघतो म्हणाले. म्हणजे नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी झुबेदा माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. तिचं जुनं काँट्रॅक्ट. दुकानात तेच काँट्रॅक्ट असलेले तिच्यासारखे दहा-बारा जुने लोक होते, पण त्यांच्या प्रती कुणाच्या गावी पेटीत, कुणाच्या हरवलेल्या. नंतर लागलेल्या आम्हा सगळ्यांची काँट्रॅक्ट्स वेगळी होती. ती म्हणाली, "वाचून बघ गो, शुक्रवारचा काय लिवलाय का. त्या फिलिपिनो पोरींकडनं वाचून घेतला असता, पण तू आपली. मराठीत सांगशील."

मी वाचायला लागले. दुसऱ्या पानावर, खालून तिसरं कलम. शुक्रवार ही साप्ताहिक सुट्टी राहील. कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय त्या दिवशी काम देता येणार नाही. आणि काम केल्यास दुप्पट वेतन. इतकं स्पष्ट, की मला ते पुन्हा वाचावंही लागलं नाही.

मी पान उलटलं. कागदाची घडी केली आणि म्हणाले, नेहमीचंच आहे झुबेदाबाई. विशेष काही नाही.

असं का केलं, याची कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. तिनं उगीच मालकाशी पंगा घेतला तर तिचंच नुकसान होईल, असं एक कारण होतं. ते खरंही ठरलं. पण त्या कागदाची घडी करताना माझ्या मनात तिच्या नुकसानीचा विचार नव्हता. मला एवढंच वाटलं, की हिला जे ठाऊक नाही असं काहीतरी, एकदाचं, माझ्याकडे आहे.

तिनं कागद पिशवीत ठेवला. "बरा झाला विचारला," म्हणाली आणि उठली.

महिना संपत आला होता. एका संध्याकाळी झुबेदा आमच्या घरी आली. केतकीला ताप होता म्हणून तांदळाच्या शेवया घेऊन. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर केतकी अंथरुणात बसून तिला शाळेचं पुस्तक वाचून दाखवत होती, आणि झुबेदा कौतुकानं म्हणत होती, काय फाडफाड वाचतेस गो. मग तिचा आवाज आला, "हा वाचतेस का बघू? आईनं वाचलाय एकदा." मी कणीक मळत होते. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज मला ओळखू आला, पण हात पिठात होते आणि पाय हलले नाहीत.

केतकीनं सुरुवातीपासून सगळं वाचलं. नाव, पासपोर्ट, पगार. अडखळत, शब्दांचं स्पेलिंग करत. मग ती थांबली आणि मराठीत म्हणाली, "मावशी, इथे लिहिलंय शुक्रवारी तुम्हाला काम द्यायला तुमची परमिशन पाहिजे. आणि डबल पैसे." तिनं पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं विचारलं, "पण तुम्ही म्हणालात आईनं वाचलं होतं ना?"

बाहेर पिशवी पुन्हा वाजली.

मग झुबेदा म्हणाली, "बारीक अक्षर हाय ते. आई कामात होती, नजर चुकली असेल. माझी पण चुकते, मी तर रोज चुकीचा मीटर मापते." आणि केतकी हसली.

ती आत आली तेव्हा मी पाठमोरी होते. तिनं शेवयांचं भांडं ओट्यावर ठेवलं. ते दुसऱ्या दिवशी परत आणायला सांगितलं. ती मला काही विचारील, म्हणून मी वाट बघत होते. शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "ताप उतरला की शेवया दे, आज नको." आणि गेली.

माझ्या मुलीसमोर तिनं माझी लाज राखली. याबद्दल कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला वाटला तो हेवा, आधीपेक्षा धारदार. हे मला जमलं नसतं, एवढं मला तिथे ओट्याशी उभं असतानाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी झुबेदानं जुन्या लोकांना तो कागद दाखवला. आरडाओरडा नाही, सभा नाही. अकरा जण एकेक करून फर्नांडिससाहेबांच्या खोलीत गेले आणि प्रत्येकानं तेच सांगितलं, की साहेब, शुक्रवारी आम्ही घरी असू, आमची संमती नाही. झुबेदा शेवटची गेली. साहेबांनी तिला बसवून घेतलं. तिच्या एकटीचा शुक्रवार आहे तसा चालू ठेवू, बाहेर कुणाला कळायचं कारण नाही, तिनं फक्त बाकीच्यांना समजवावं, असं ते म्हणाले. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं, अजून चकित असल्यासारखं. तिनं विचारलं होतं, "मना जे देता ते लिवून भिंतीवर लावाल का?" साहेब नाही म्हणाले. मग ती उठली.

त्याच संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. या शुक्रवारी याल का? कापड विभाग तुम्हीच बघा. ईद दोन आठवड्यांवर होती.

मी गेले. सुधीरला म्हणाले, दुकानाची अडचण आहे. खरं म्हणजे मला ते टेबल हवं होतं. झुबेदाचं टेबल, मधलं, जिन्यावरून येणाऱ्याला पहिलं दिसणारं. मी चांगली साडी नेसले. खुर्च्या मांडल्या, चहा सांगून ठेवला. आधी बसव, मग दाखव.

गर्दी लोटली. नव्या मुली गोंधळल्या, मापं चुकली, कापलेलं कापड चुकीच्या पिशवीत गेलं. मी मात्र माझं टेबल सांभाळलं. दुपारनंतर उम्म युसुफ आल्या. मी त्यांना खुर्ची दिली, मुलीची चौकशी केली. मुलीला दिवस गेले होते. त्यांनी पांढरं मऊ कापड काढायला लावलं, मी मापून कात्री लावणार, तोच त्यांनी विचारलं, झुबेदा आजारी आहे का. मी म्हणाले, नाही, सुट्टीवर आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या हातावर हात ठेवला, कापू नको, असा. शनिवारी येते, म्हणाल्या. चहा त्यांनी पूर्ण प्यायला. उठून जाताना माझे आभारही मानले.

दुसऱ्या शुक्रवारीही तसंच झालं. ईदच्या आधी दोन दिवस मशीनजवळ नवी नोटीस लागली. जुन्या काँट्रॅक्टवाल्यांचा शुक्रवार पूर्वीसारखाच राहील. नव्यांना मात्र साधा दिवस. जेवणाच्या खोलीत लोक झुबेदाभोवती जमले. ती खूष नव्हती. नव्या मुलींचं काय, एवढंच विचारत होती.

वर्षअखेर तिचं काँट्रॅक्ट संपलं. ते पुढे वाढवलं नाही. कारण दिलं नाही, तिनं मागितलंही नाही. त्याच महिन्यात मला सुपरवायझर केलं, आणि शुक्रवारी कुणी यायचं ते ठरवायचं काम माझ्याकडे आलं. शेवटच्या दिवशी तिनं मला सगळी गिऱ्हाइकं समजावून सांगितली. कुणाला गुडघेदुखी, कुणाला खुर्ची उंच लागते, कुणासमोर मुलाचा विषय काढायचा नाही. मी वहीत लिहून घेतलं. मी म्हणाले, झुबेदाबाई, तो कागद... ती म्हणाली, "त्याचा काय आता. लिव, उम्म हसनला हिरवा रंग दाखवू नको." मी लिहिलं.

तिच्या विमानाला आठ-दहा दिवस होते. त्या शुक्रवारी मी केतकीला घेऊन सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, गेले होते, तिला बूट घ्यायचे होते. अर्धीअधिक दुकानं बंद होती. कापडगल्लीत एका लहानशा दुकानात दिवा होता आणि आत झुबेदा बसली होती. गिऱ्हाईक म्हणून. मी तिला इतक्या वर्षांत बसलेलं क्वचितच पाहिलं होतं. एक गुजराती दुकानदार तिच्यासमोर ताक्यांवर ताके टाकत होता आणि ती पेप्सीची बाटली हातात धरून, घाई नसलेल्या माणसासारखी, मान हलवत होती. हा नको. तो दाखव. तो पण नको.

केतकीनं माझा हात सोडला आणि ती आत पळाली. झुबेदानं तिला जवळ ओढलं, एक फिकट निळं कापड तिच्या खांद्यावरून सोडलं आणि मागे सरून बघितलं. केतकी मराठीत काहीतरी सांगायला लागली. मला ऐकू येत नव्हतं. मी रस्त्याच्या पलीकडे बुटांच्या बंद दुकानासमोर उभी होते.

तिनं मला पाहिलं. हात केला नाही, हाकही मारली नाही. शेजारच्या स्टुलावर तिची पिशवी होती, ती उचलून तिनं मांडीवर घेतली. स्टूल रिकामं झालं. ती पुन्हा कापडाकडे वळली.

मी घड्याळात बघितल्यासारखं केलं आणि केतकीला हाक मारली.